पाण्याच्या हिशेबाने कांगेर

दिवाळीच्या सुट्टीत नागपूर, पुणे, नाशिककडचे पाहुणे रायपूरला आले की घरोघरी एक विषय निघतोच : जंगल कोणतं दाखवायचं? तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्याचा शेवटही बहुधा ठरलेला असतो. कुणीतरी मुक्की गेटचं नाव काढतं, सफारीच्या आरक्षणासाठी धावपळ होते आणि गाडी कान्हाकडे निघते. कान्हा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आलेल्यांनी ताडोबा पाहिलेलं असतं, पेंच पाहिलेलं असतं, आणि पुन्हा एकदा जिप्सीत बसून वाघाची वाट पाहण्यात त्यांची सुट्टी सरते. छत्तीसगडचा डोंगर कोणत्या दगडाचा आहे, इथलं पाणी कुठून निघून कुठे जातं, इथल्या रानात कोण राहतं, यातलं काहीच न पाहता ते परततात. याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण रायपूरहून दक्षिणेला, एका दिवसाच्या प्रवासावर, बस्तरमध्ये कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि एवढ्याशा जागेत जमिनीची इतकी रूपं दाखवणारं दुसरं रान आमच्या राज्यात नाही.

छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय उद्यानं तीन. उत्तरेला कोरियाकडचं गुरु घासीदास. ते आणि तमोर पिंगला अभयारण्य मिळून नोव्हेंबर २०२४ मध्ये २,८२९ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पश्चिमेला विजापूर जिल्ह्यातलं इंद्रावती. नदीच्या पलीकडच्या काठावर आपला गडचिरोली. आणि तिसरं कांगेर घाटी, तिन्हींत सर्वांत लहान, अवघं २०० चौरस किलोमीटरचं. जुलै १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालं. नकाशावर पाहिलं तर एक अरुंद पट्टा दिसतो : लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी सरासरी सहा. पश्चिमेच्या टोकाला तीरथगडचा धबधबा, पूर्वेच्या टोकाला ओडिशाच्या बाजूने येणारी कोलाब नदी, आणि मधून आडवी वाहणारी कांगेर. मार्च २०२५ मध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जी नवी स्थळं घातली, त्यांत हे नाव आहे. तेव्हापासून रायपुरातही लोक कांगेरबद्दल विचारू लागले आहेत.

विचारणाऱ्यांना मी सगळ्यांत आधी एक गोष्ट सांगतो. कांगेरची सहल सुट्टीच्या हिशेबाने आखू नका, पाण्याच्या हिशेबाने आखा. इथे जे काही पाहायला जायचं ते पाण्यानेच घडवलं आहे, आणि ते कधी पाहायला मिळेल हेही पाणीच ठरवतं.

या खोऱ्याच्या तळाशी चुनखडीचा जाड थर आहे. भूशास्त्रज्ञ त्याला कांगेर चुनखडी याच नावाने ओळखतात. हा थर इतका जुना आहे की तो समुद्राच्या तळाशी साचला तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, प्राणी नव्हता. पुढे जमीन वर आली, तिच्यावर जंगल वाढलं आणि पावसाने आपलं काम सुरू केलं. हवेतून आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून झिरपताना पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड शोषतं, किंचित आंबट होतं आणि चुनखडीच्या भेगांत उतरून दगड विरघळवतं. भेगेची फट होते, फटीची पोकळी, पोकळीची गुहा. मग तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना थेंबाथेंबाने चुना मागे ठेवतं. छतातून खाली उतरणारे आणि जमिनीतून वर चढणारे लवणस्तंभ असे वाढतात. काही ठिकाणी दोघांची गाठ पडते आणि खांब तयार होतो.

कोटमसर, कैलास, दंडक या इथल्या नावाजलेल्या गुहा. त्यांतली कोटमसर सर्वांत प्रसिद्ध. गावकऱ्यांना ती माहीत होतीच; बाहेरच्या जगासाठी तिचा पहिला पद्धतशीर शोध १९५०च्या दशकात भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनी घेतला. तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच माणूस अंग चोरून उतरतो. आत गेल्यावर दालनांमागून दालनं लागतात आणि काही पावलांतच बाहेरचा उजेड पूर्ण संपतो. दिवा विझवला तर स्वतःचा हात दिसत नाही. थंडी असो वा उन्हाळा, आतली हवा जवळपास सारखीच, दमट आणि उबदार.

या अंधारात राहणारे जीव हे माझ्या मते कांगेरचं खरं वैभव आहे, आणि त्यांतल्या एकाचं पुण्याशी नातं आहे. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याच्या पाण्यातल्या एका लहानशा माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. दगडगोट्यांत, वाळूत लपणारा, बोटाएवढासुद्धा नसलेला हा मासा आज इंडोरिओनेक्टेस इव्हेझार्डाय या नावाने ओळखला जातो. कोटमसरच्या आतल्या डबक्यांत जो मासा सापडला, तो अभ्यासकांनी याच जातीत मोजला. पण गुहेतल्याचं रूप वेगळं : अंगावरचा रंग उडालेला, कातडी फिकट गुलाबी, डोळे बारीक होत गेलेले, काहींत जवळजवळ नाहीसेच. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या माशांना दिवस-रात्रीचं भान उरतं का, यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. गुहेत एक रातकिडाही राहतो, लांबच लांब मिशांचा. त्याचं नाव केंपिओला शंकरी, डॉ. तिवारींच्या नावावरून ठेवलेलं. या सगळ्यांचं पोट बाहेरून येणाऱ्या गोष्टींवर चालतं : पुराच्या पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा. म्हणजे पावसाळ्यात गुहेत शिरणारा पूर ही आतल्या जीवांची वर्षाची बेगमी असते.

आणि म्हणूनच पावसाळ्यात गुहा माणसांसाठी बंद असतात. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत आत पाणी भरतं, चिखल होतो, वाट राहत नाही. मुंबई-पुण्याकडच्या मंडळींची इथेच फसगत होते. दिवाळी ऑक्टोबरात आली आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कोटमसरच्या फाटकावर उभे राहिलात, तर कुलूप दिसण्याचीच शक्यता जास्त. पाऊस लांबला तर नोव्हेंबर उजाडूनही थोडं थांबावं लागतं. निघण्याआधी जगदलपूरच्या वनविभागाच्या कार्यालयात फोन करून गुहा उघडल्या का ते विचारणं हे तिकीट, हॉटेल, गाडी या सगळ्यांच्या आधीचं काम आहे.

आता दुसरी बाजू. तीरथगडचा धबधबा मुनगाबहार नाल्यावर आहे, उंची सुमारे ३०० फूट. तो एका उडीत कोसळत नाही. थरांच्या पायऱ्यापायऱ्यांवरून फुटत, पसरत, पुन्हा एकत्र येत उतरतो. त्याचं भरलेलं रूप पाहायचं तर पावसाळा संपता संपता जायला हवं. एप्रिल-मेमध्ये त्याच कातळावरून पाण्याच्या चार-दोन धारा उरतात, आणि मग लांबून आलेले लोक निराश होतात. म्हणजे भरलेला धबधबा आणि उघडी गुहा यांचा काळ बराचसा एकमेकांच्या विरुद्ध आहे. दोन्ही बऱ्यापैकी साधायचं तर मधली एक फट सापडते : तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्ष संपेपर्यंतची. गुहा नुकत्या उघडलेल्या असतात, नाल्यात पाणी असतं, रान हिरवं असतं, पहाटे धुकं असतं आणि दुपारचं ऊन सोसवतं. रायपूरच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना माझं सांगणं असतं की दिवाळी घरीच करा, फराळ खा, आणि कांगेरसाठी आठ-पंधरा दिवसांनी वेगळे या. ते ऐकत नाहीत, कारण मुलांच्या शाळा सुरू होतात. मग नाताळची सुट्टी. तेव्हा गर्दी असते, पण गुहा नक्की उघड्या असतात.

बस्तरचा दसरा पाहायला येणाऱ्यांचीही हीच अडचण. हरेली अमावास्येला पाटजात्रेने सुरू होणारा आणि ७५ दिवस चालणारा हा दंतेश्वरीचा उत्सव जगदलपुरात एकदा तरी पाहावा असाच आहे. गावोगावचे देव आपापल्या छत्र्या, डोल्या घेऊन येतात, शेकडो हात मिळून लाकडी रथ ओढतात. पण त्या दिवसांत राहायला जागा मिळत नाही आणि गुहा तर बंदच. दसरा आणि कांगेर हे दोन वेगळे प्रवास मानावेत.

रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर. सरळ सोयीची रेल्वे नाही. जगदलपूरचा लोहमार्ग विशाखापट्टणमकडे तोंड करून आहे, बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर नेण्यासाठी तो बांधला गेला. विमानं आहेत, पण त्यांची वेळापत्रकं बदलत राहतात. बहुतेक लोक रात्रीच्या बसने जातात आणि सकाळी जगदलपुरात उतरतात. मी मात्र दिवसाच्या प्रवासाचा आग्रह धरतो. राष्ट्रीय महामार्ग ३० वर अभनपूर, कुरूद, धमतरीपर्यंत महानदीच्या खोऱ्यातली सपाट भातशेती. नोव्हेंबरात कापणी चालू असते आणि खळ्यांवर भाताचे भारे. कांकेरला जमीन बदलते, मोठमोठ्या गोल खडकांच्या टेकड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहतात. मग केशकालचा घाट. बारा वळणं घेत रस्ता बस्तरच्या पठारावर चढतो आणि माथ्यावर हवा बदलल्याचं अंगाला कळतं. घाटात तेलीन मातेचं देऊळ आहे, तिथे ट्रकवाले थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. या घाटात अवजड गाड्यांची कोंडी झाली की दोन-तीन तास सहज जातात. म्हणून रायपूर पहाटे सोडावं. पुढे कोंडागाव, ढोकरा कारागिरांचं गाव. मेणाच्या साच्यातून पितळ ओतणारे हात तिथे घरोघरी दिसतात. संध्याकाळच्या आत जगदलपूर.

ही सगळी वाट मराठी माणसाला अगदी परकी नाही. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, बिंबाजी भोसले रतनपूरला राहिले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात बस्तरचं राज्य भोसल्यांचं मांडलिक झालं. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत हलबीची नोंद मराठीच्या खंडात केली. जगदलपूरच्या बाजारात हलबी कानावर पडली की आपल्याला निम्मीअर्धी उमगते. पण कांगेरच्या आतल्या गावांत राहतात ते मुख्यतः धुरवा लोक, आणि त्यांची धुरवी द्राविड कुळातली. तिथे आपल्याला नव्याने ऐकायला बसावं लागतं.

या धुरव्यांची गोष्ट माहीत नसताना कांगेर पाहिलं तर फक्त दगड आणि पाणी पाहिल्यासारखं होईल. १९०५ मध्ये इंग्रज सरकारने बस्तरमधलं दोनतृतीयांश जंगल राखीव करायचं ठरवलं. फिरती शेती, शिकार, रानातला माल गोळा करणं बंद. आरक्षणाची सुरुवात कांगेरच्या जंगलातच झाली आणि विरोधाची सुरुवातही कांगेरच्या धुरव्यांनीच केली. १९१० मध्ये गावागावांतून आंब्याच्या डहाळ्या, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण फिरू लागले. ज्या गावात हे पोहोचलं त्या गावाला निरोप कळला. त्या उठावाला भूमकाल म्हणतात. बाजार लुटले गेले, धान्य वाटलं गेलं, ठाणी आणि अधिकाऱ्यांची घरं जाळली गेली. नेतानार गावचा गुंडाधूर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. नेतानार कांगेरच्या परिसरातलंच गाव आहे. फेब्रुवारी ते मे असे तीन महिने सरकारला ताबा मिळवायला लागले, आणि गुंडाधूर त्यांच्या हाती कधीच लागला नाही. आरक्षणाचं काम थांबवावं लागलं आणि नंतर राखीव करायचं क्षेत्र जवळपास निम्म्यावर आणलं गेलं. आज आपण ज्या सालवनातून जिप्सीने फिरतो, तिथे कुणाचा हक्क चालावा यासाठी माणसं मेलेली आहेत.

पुढेही या रानावर संकटं आली. १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या पाठबळाने बस्तरमधलं ४,६०० हेक्टर नैसर्गिक सालवन तोडून कागदाच्या लगद्यासाठी पाइन लावायची योजना निघाली. विरोध झाला आणि ती थांबली. साल जाऊन पाइन आलं असतं तर काय गेलं असतं हे कांगेरमध्ये उभं राहून समजतं. मध्य भारतातल्या सालाच्या दक्षिण सीमेवरचं, साल आणि साग जिथे एकत्र येतात असं हे जंगल. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला साग ओळखीचा असतो, साल जवळजवळ अनोळखी. मार्चमध्ये इथे एका उतारावर साग पानं गाळून उभा असतो, आणि शेजारच्या ओलसर उतारावर साल कोवळ्या पालवीने, फुलोऱ्याने भरलेला असतो. खाली नदीकाठी बांबू. समुद्रसपाटीपासून ३३८ मीटरपासून ७८१ मीटरपर्यंत एवढ्याशा पट्ट्यात जमीन चढते-उतरते, आणि प्रत्येक टप्प्यावर रान थोडं बदलतं.

बस्तरच्या लोकांत पूर्वीपासून एक रीत होती. एका गावाला दुसऱ्या गावाच्या रानातलं लाकूड हवं असेल तर त्या गावाला थोडी रक्कम द्यायची. तिला देवसारी, दंड किंवा मान म्हणत. पृथ्वीने प्रत्येक गावाला आपली जमीन नेमून दिली आहे, अशी त्यामागची श्रद्धा. कांगेरच्या फाटकावर तिकीट काढताना मला ही रीत आठवते, आणि ते पैसे कुणाच्या हाती जातात याकडे लक्ष जातं. कोटमसरच्या बाजूला गुहेपर्यंत जायचं ते गावच्या तरुणांच्या जिप्सीतून आणि गावच्याच वाटाड्याबरोबर. जून २०२२ मध्ये उद्यानाच्या आतल्या गुडियापदर या वस्तीला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्तीचे हक्क मान्य झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असे हक्क मिळण्याचं उदाहरण देशात फार थोडं आहे. १९०५ नंतर ११७ वर्षांनी कांगेरमधल्या एका गावाला आपल्या रानाची राखण करायचा अधिकार कागदावर मिळाला, आणि तोही पाडा म्हणावा एवढ्याशा वस्तीला.

म्हणून मुक्कामाचा विचार करताना जगदलपूरच्या हॉटेलाबरोबर धुडमारासचाही विचार करा. कांगेरच्या काठावरचं हे धुरवा गाव. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगभरातल्या उत्तम पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमासाठी जी वीस गावं निवडली, त्यांत धुडमारास होतं. गावकऱ्यांच्या घरांत राहता येतं, नदीत बांबूचे तराफे आणि कायाक चालतात. जेवणात भात, रानभाज्या, मंडियाची म्हणजे नाचणीची पेज, आणि हवी असेल तर लाल मुंग्यांची चापडा चटणी. ती आंबट आणि झणझणीत असते. चाखून पाहायला हरकत नाही. खाटेवर मच्छरदाणी लावून घ्या. बस्तर हा मलेरियाचा प्रदेश आहे, २०२० पासून मलेरियामुक्त बस्तर मोहिमेत घरोघरी रक्ततपासणी झाली, तरी संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना बस्तरला गेल्याचं आवर्जून सांगणं, हे चुकवू नये. मोबाइलला रेंज तुटक मिळते. रोख पैसे जवळ ठेवावेत.

सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक पाहुणा दबक्या आवाजात विचारतो. तो उघडपणे विचारायला हवा. २५ मे २०१३ रोजी महामार्गावर, दरभ्याजवळच्या झीरम घाटात माओवाद्यांनी काँग्रेस नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला केला. नंदकुमार पटेल आणि महेंद्र कर्मा तिथेच मारले गेले, विद्याचरण शुक्ल नंतर दगावले. कांगेरकडे जाताना तुम्ही त्याच महामार्गाने जाता. त्यानंतरच्या काळात परिस्थिती खूप पालटली आहे, जगदलपूर, तीरथगड, कोटमसर इथे कुटुंबं येतात. तरी नियम साधे आहेत : अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं, वाटाड्याशिवाय आडरानात शिरायचं नाही, आणि स्थानिक माणूस "तिकडे आज नको" म्हणाला तर कारण न विचारता ऐकायचं.

जगदलपूरहून उद्यानाचं फाटक तीसेक किलोमीटर, दक्षिणेला. चित्रकोटचा धबधबा इंद्रावतीवर, जगदलपूरहून चाळीसेक किलोमीटर, पण पश्चिमेला. प्रवास कंपन्या दोन्ही एका दिवसात दाखवतात आणि त्यात कोटमसरला अर्धा तास मिळतो. असं करू नये. कांगेरला पूर्ण दोन दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी सकाळी लवकर कोटमसर. वयस्कर माणसांना, गुडघे दुखणाऱ्यांना, दम लागणाऱ्यांना आत नेऊ नये. आतली हवा जड असते, जमीन निसरडी असते. त्यांच्यासाठी बाहेरचं जंगल आणि कांगेरधारेचे छोटे प्रपात आहेत. दुपारी तीरथगड, पायऱ्या उतरून तळापर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटे पक्षी, आणि जमलं तर पूर्वेला भैंसादरहा, जिथे कोलाबला मिळण्याआधी कांगेर पसरून मोठा डोह होते. त्या डोहात मगरी आहेत. हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येतात. दुर्बीण हवी, आणि पाण्याजवळ जायचं नाही.

प्राण्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो. इथे बिबट्या, अस्वल, चितळ, सांबर, भेकर, चौशिंगा आहेत, पिसोरी हरीण आहे, पण दाट रानात त्यांचं दर्शन नशिबावर. वाघाच्या आशेने येऊ नये. कान मात्र उघडे ठेवावेत. छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना इथे आहे : काळा तुकतुकीत रंग, डोक्याच्या मागे पिवळी कातडी, आणि माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल. याच नकलेपायी तिला पिंजऱ्यात टाकण्यासाठी पिल्लं चोरली गेली. जगदलपुरात पिंजऱ्यातल्या प्रजननाचा प्रयत्न बरीच वर्षं चालला, पण नर आणि मादी दिसायला सारखेच, जोडी जुळवणंच कठीण झालं. आता भर जंगलातल्या घरट्यांवर आहे. ही मैना जुन्या झाडांच्या ढोल्यांत अंडी घालते, म्हणून वाळलेलं झाडही उभं राहू द्यावं लागतं. मैना-मित्र म्हणून काम करणारे गावातले तरुण ढोल्या ओळखतात, त्यांवर लक्ष ठेवतात. सकाळी यांच्यापैकी कुणाबरोबर चालायला मिळालं तर इतर सगळे कार्यक्रम पुढे ढकलावेत.

गुहेत कसं वागायचं यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच आपण पर्यटक सर्वांत जास्त नुकसान करतो. लवणस्तंभाला हात लावला की हाताचं तेल त्याच्यावर बसतं आणि त्या जागी चुना साचणं थांबतं. फूटभर वाढायला हजारो वर्षं लागलेला दगड एका सेल्फीत मेला असं समजा. पूर्वी मशाली नेत, त्यांच्या धुराने छतं काळवंडली. कैलास गुहा १९९३ मध्ये सापडली; तिथले पोकळ स्तंभ वाजवले की नाद निघतो म्हणून लोक दगडाने ठोकतात. वाटाड्याला तसं करायला सांगू नका, आणि त्याने आपणहून वाजवून दाखवायची तयारी केली तर त्याला नको म्हणा. डबक्यांत मोबाइलचा प्रखर उजेड टाकू नका, त्यांत ते फिकट मासे आहेत. खाऊची पिशवी बाहेर ठेवा.

या लवणस्तंभांत आपलाही इतिहास साठलेला आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दंडक गुहेतला एक लवणस्तंभ आशीष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्तंभाच्या थरांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून इ.स. ६०० ते १५०० या ९०० वर्षांतला मान्सून जवळपास वर्षागणिक वाचता आला. त्यांना दिसलं की चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्याला अनेक दशकं टिकणारे भीषण अवर्षणाचे काळ येऊन गेले, आणि भारतातले काही सर्वांत भयंकर दुष्काळ त्याच काळातले आहेत. दुर्गादेवीचा दुष्काळ आपण ऐकलेला आहे. परंपरा तो १३९६ पासून सांगते. दामाजीपंतांनी धान्याची कोठारं उघडली तो मंगळवेढ्याचा दुष्काळही पंधराव्या शतकातलाच. महाराष्ट्रात माणसं अन्नान्न करत होती तेव्हा बस्तरच्या या अंधारात पाणी कमी ठिबकत होतं आणि दगडावर त्याची नोंद होत होती. गेल्या दीडशे वर्षांच्या पर्जन्यमापकांनी जेवढा चढउतार पाहिला त्याहून कितीतरी मोठा चढउतार मान्सून दाखवू शकतो, हेही त्याच दगडाने सांगितलं. धरणं बांधणाऱ्यांनी आणि पिकांचे आराखडे करणाऱ्यांनी हे वाचलं पाहिजे.

युनेस्कोच्या अंतिम यादीत कांगेरचं नाव येईल तेव्हा येईल. तोपर्यंत गर्दी मात्र वाढत राहील, आणि नाताळच्या आठवड्यात कोटमसरच्या अरुंद तोंडाशी आजही रांग लागते. बंद जागेत माणसांची संख्या वाढली की त्यांच्या श्वासाने आणि घामाने हवा बदलते. गुहेतल्या जीवांना ती मानवत नाही. रोज किती जणांना आत सोडायचं यावर कडक मर्यादा हवी आणि ती ठरवताना गावसभेचा शब्द मोजला जावा, असं माझं मत आहे. आपल्या हातात आहे ते एवढं : शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जायचं, नाताळ ते नववर्षाचा आठवडा सोडायचा, आणि सकाळच्या पहिल्या गटात आत शिरून वेळेत बाहेर यायचं. यंदा तुळशीचं लग्न झालं की लगेच निघायचं असेल, तर फाटकाची चौकशी आणि धुडमारासची खोली, ही दोन कामं लक्ष्मीपूजनाच्या आधीच उरकून घ्या.